जहाजवाल्या सिरियलचा तो भाग

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आता कुठं लोक तुमच्यावरून भांडायला लागलेत. घाबरू नका, स्टील प्लांटचं काही नाही. आपल्या त्या सिरियलवरून. तिचं खरं नाव तुम्ही जन्मात कधी घेतलं नाही, "ते जहाजवालं" एवढंच म्हणायचे, म्हणून मीही तेच लिहिते. आकाशात फिरणारं ते जहाज, दर रविवारी सकाळी नवा ग्रह, नवं संकट, आणि कॅप्टनचं ते हिंदी, जे त्याचे ओठ हलायचे थांबले तरी चालूच राहायचं. सात वर्षं चाललं ते. आता त्याचे जुने प्रेक्षक फोनवर ग्रुप करून बसलेत. सगळी माझ्याच वयाची माणसं, केस पांढरे, बीपीच्या गोळ्या चालू, आणि भांडतात कशावरून, तर बर्फाच्या ग्रहाचा भाग भारी की दोन कॅप्टनवाला. एकानं लिहिलं की शेवटचं वर्ष निव्वळ कचरा होतं, तर दुसरा ग्रुप सोडून गेला आणि चार दिवसांनी मुकाट्यानं परत आला. मी त्यांच्यातलीच आहे. हसू नका.

त्यांना मी तुमची मतं टाइप करून पाठवायला लागले. तुमची ती जुनी डायरी माझ्याकडं आहे, जिच्यात तुम्ही प्रत्येक भागाचा हिशेब ठेवायचे आणि खाली शेरा मारायचे. बर्फाच्या ग्रहावर तुम्ही लिहिलं होतं, "माणसं विनाकारण बाहेर फिरतात. एकाच्याही डोक्यावर कानटोपी नाही." दोन कॅप्टनवाल्यावर, "खोटा कॅप्टन ओळखायले एवढा टाइम कावून लागला? ज्याचे बूट साफ, तो खोटा." आणि एका भागावर नुसतंच, "एवढं मोठं जहाज, कँटीन दाखवत नाही. हे लोक जेवतात कधी?" ग्रुप वेडा झाला, बाबा. तुम्हाला तिथं भिलाईवाले बाबूजी म्हणतात. कोणी काही मत मांडलं की दुसरा विचारतो, "बाबूजी ने क्या लिखा है इस पर?" तुमच्या हयातीत आपल्या घरात तुमचं कोणी एवढं ऐकलं नव्हतं.

पण गेल्या महिन्यात टाइप करता करता एक शेरा निघून गेला, जो जायला नको होता. "मिस्त्री जहाजाच्या बाहेर अडकला. कॅप्टन चार्ज देऊन बाहेर गेला, त्याच्याजवळ बसला. दहापैकी दहा. कॅप्टन असावा तर असा." तासाभरात प्रश्न सुरू झाले. कोणता एपिसोड? कोणतं वर्ष? त्यांच्याकडं सगळ्या भागांच्या याद्या पाठ आहेत. त्यांनी सात वर्षं चाळली आणि सांगितलं, असा भागच नाही. मग जबलपूरच्या एका मॅडमनं लिहिलं की आहे, मी पाहिलाय, मी रडले होते. मग आणखी दोघांना आठवला. एकाला तर मिस्त्रीच्या सूटचा रंगसुद्धा आठवला, नारिंगी म्हणे. अगं बाई! आता ते सगळे हरवलेला भाग शोधून राहिलेत आणि ग्रुप चालवणारे रायपूरचे गृहस्थ मला रोज विचारतात, "दीदी, आपने तो देखा था ना?"

नव्हता पाहिला, बाबा. तो भाग कधी झालाच नाही. तो मी रचला होता, वयाच्या अकराव्या वर्षी, आणि तुमच्या ताटासमोर बसून तुम्हाला सांगितला होता. इतकी वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. त्या ग्रुपला उत्तर द्यायच्या आधी तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर ते मला पचणार नाही.

तुम्हाला आठवतं, तेव्हा आपल्याकडं टीव्ही नव्हता. भिलाईच्या सेक्टर दोनचं ते क्वार्टर, आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या क्वार्टरात साहेब, प्लांटातल्या तुमच्याच शॉपचे, म्हणजे खात्याचे, फोरमन. आपल्या रांगेतली पोरं रविवारी सकाळी त्यांच्या घरी जमिनीवर बसून जहाजवालं पाहायची. तुम्ही कधी गेले नाही. शिफ्ट नसली तरी नाही. "साहेबाच्या घरी चटईवर बसू का मी?" म्हणायचे. पण तुम्हाला गोष्ट सगळी पाहिजे असायची. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सकाळची ए शिफ्ट करून तुम्ही अडीचच्या सुमारास यायचे, सायकल भिंतीला लावायचे, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, आई भाकर आणि वांग्याची भाजी वाढायची, आणि पहिला घास घ्यायच्या आधी तुम्ही म्हणायचे, "हं. दे चार्ज." प्लांटात शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगतो, कुठं गळतंय, कुठं तापलंय, काय बंद आहे. तो चार्ज. मी डब्यावर बसून जहाजाचा चार्ज द्यायचे. नियम दोनच होते, आणि तुम्ही बोट वर करून सांगायचे, "काही सोडू नको, अन् मनचं काही टाकू नको. पाह्यलं ते पाह्यलं म्हन, नाई पाह्यलं ते नाई म्हन. चार्ज खोटा दिला तर मागून येनाऱ्याचा हात जाते, समजलं?" मी मान हलवायचे. फार अभिमान होता मला त्या कामाचा.

त्या रविवारी मी गेले तर साहेबांकडं गावाहून त्यांच्या आई आलेल्या. पांढरी साडी, हातात माळ. पोरं आत बसलेली. मी चप्पल काढून आत पाऊल टाकणार, तर म्हातारीनं विचारलं, "ये किसकी लड़की है?" काकूंनी, साहेबांच्या बायकोनं, तुमचं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, आडनावासकट. म्हातारीनं फक्त काकूंकडं पाहिलं. आणि काकू, ज्या दर रविवारी मला बिस्किट द्यायच्या, त्या उठून दारापर्यंत आल्या आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, आज तू बाहर से देख ले. खिड़की खुली है." मी खिडकीशी उभी राहिले. थोड्या वेळानं ऊन थेट टीव्हीवर पडायला लागलं, पोरांना दिसेना, म्हणून कोणीतरी उठून पडदा ओढला.

मी घरी यायला पाहिजे होतं. पण तुम्हीच शिकवलं होतं ना, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी उभी राहिले. पडद्याच्या आतून आवाज येत होता. भोंगा वाजला. एक जड दार बंद झाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ सगळं चूप, आणि मग कॅप्टन कोणाशी तरी फार हळू बोलत होता, शब्द कळत नव्हते. मला एवढंच मिळालं. पाऊण तास मी त्या खिडकीखाली उभी होते आणि माझ्या पायाला मुंग्या चढत होत्या, आणि रडू येत नव्हतं, राग येत होता, भयंकर राग. मग त्या आवाजांना मी धरून धरून गोष्ट केली. दार बंद झालं म्हणजे कोणीतरी बाहेर राहिला. कोण राहिला? मिस्त्री. कॅप्टन हळू का बोलतोय? कारण तो त्याच्याजवळ बसलाय.

दुपारी तुम्ही म्हणाले, "दे चार्ज." आणि मी दिला. जहाजाचं दार नादुरुस्त झालं, मिस्त्री बाहेर, उघडलं तर आतल्यांची हवा जाते. आतले सगळे म्हणतात, थांब थोडा, काय करणार. तर कॅप्टन दुसऱ्या दारानं बाहेर जातो आणि दार दुरुस्त होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहतो. म्हणतो, तू बाहेर तर मीबी बाहेर. तुमचा घास हातात तसाच राहिला. तुम्ही विचारलं, "मंग जहाज कोन चालवून राह्यलं?"

"दुसरा साहेब."

"त्याले चार्ज देऊन आला का तसाच आला?"

"देऊन. लिहून दिला."

"हाव, मंग ठीक आहे," तुम्ही म्हणाले, आणि डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले. आई म्हणाली, "काय जी, तिखट झाली का भाजी?" तुम्ही म्हणाले, "हाव, थोडी." भाजी अजिबात तिखट नव्हती. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी तुमचे ओले डोळे पाहिले आणि तोंड शिवून टाकलं.

आणि पुढच्या रविवारी, म्हातारी गावी परतल्यावर, मी पुन्हा गेले. काकूंनी आत बोलावलं, बिस्किट दिलं. मी खाल्लं. त्याचा राग मला त्या पडद्यापेक्षा जास्त येतो. पुढं वर्षभरात आपल्याकडं टीव्ही आला, तुम्ही स्वतः खुर्चीत बसून पाहायला लागले, आणि तरी दर भागानंतर म्हणायचे, "बरा होता. पन त्या मिस्त्रीवाल्याची सर नाई." विहारात पोरांना तीच गोष्ट. माझ्या लग्नात व्याह्यांना तीच. आणि तुमच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात, गळ्यात हार घातलेला, माइक हातात, तुम्ही हिंदीत तीच सांगितली. पहिल्या रांगेत साहेब बसलेले, म्हातारे झालेले, बाजूला काकू. तुम्ही म्हणाले, "कॅप्टन वो, जो बाहर वाले के पास जाकर बैठे." सगळ्यात आधी टाळी साहेबांनी वाजवली. काकूंनी पण वाजवली. मी तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारी बसून नुसती घामाघूम होत होते. त्या दोघांना काही आठवत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, नव्हतं. असल्या गोष्टी त्यांना कशाला आठवतील?

काल मी ग्रुपवर लिहून टाकलं की तो भाग कुठंच नाही, लहानपणी मी बनवून वडिलांना सांगितला होता, माफ करा. कशामुळं बनवला ते लिहिलं नाही. रायपूरवाले म्हणाले, "दीदी, फिर भी दस में दस." जबलपूरच्या मॅडम मात्र ऐकायला तयार नाहीत. त्यांनी तो पाहिलाच आहे. पाहू दे बापा. हे पत्र मात्र कोणी वाचणार नाही, आईसुद्धा नाही. ती अजून महिन्यातून एकदा काकूंशी फोनवर गुडघेदुखीचं बोलते. या वयात तिच्याकडून ते कशाला काढून घेऊ?

एक राहिलं. मी स्वतःला आजवर असं सांगत आले की मी तुम्हाला जपलं. तुम्ही तापट होते, साहेबाच्या दारात जाऊन उभे राहिले असते, उद्या त्याच्याच हाताखाली काम करायचं होतं, म्हणून पोरीनं शहाणपणा केला. चांगलं वाटतं असं म्हणायला. पण या उन्हाळ्यात तुमच्या नातीचा पुण्याहून फोन आला. नोकरी लागली, भाड्याची खोली पाहत होती. म्हणाली, "मम्मी, सगळं ठरलं होतं. मंग त्यांनी सरनेम विचारलं, अन् आता म्हनतात रूम दुसऱ्याले दिली." तिनं मला सरळ सांगितलं, बाबा, जसं झालं तसं. आणि मी, एवढी शिकलेली, दर चौदा एप्रिलला माइकवर बोलणारी, काय म्हणाले? म्हणाले, "जाऊ दे बेटा. दुसरी पाहू." ती मग म्हणाली, "ठीक है मम्मी," आणि फोन ठेवला. त्यानंतर ती मला असलं काही सांगत नाही. जेवलीस का विचारलं की जेवले म्हणते.

तेव्हा मला कळलं की मी अकरा वर्षांची असताना कशाला घाबरले होते. तुम्ही भांडाल याला नाही. तुम्ही ताटावरून मान वर न करता "जाऊ दे बेटा" म्हणाल, याला. ते ऐकलं असतं तर तुमच्याकडं मला आधीसारखं पाहता आलं नसतं, म्हणून मी तुमच्यासमोर खरी गोष्ट येऊच दिली नाही, एक शूर कॅप्टन आणून उभा केला. तुम्ही काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. कदाचित गप्प बसले असते. पण कदाचित ताट सरकवून उठले असते, माझा हात धरला असता आणि त्या दारात जाऊन उभे राहिले असते. ते मी तुम्हाला करूच दिलं नाही, बाबा.