मागच्या सांध्याची कुरकुर

पिपरी मेघे, वर्धा
५ ऑक्टोबर २०२५

ती. दीपमालाताईस,
अश्वजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दसऱ्याला दीक्षाभूमीहून परतताना तू वर्ध्याला उतरली नाहीस, थेट रोहण्याला गेलीस, म्हणून तुझी भावजय रोशनी रुसली आहे. तिचा रुसवा या पत्रासोबत पोचता करतो. मोबाइलच्या दिवसांत पत्र कशाला, असं तूही विचारशील. पण पिपरीत रेंजच नाही. तुझा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. शिवाय पत्रात तू मला मधेच तोडू शकत नाहीस.

गळ्याजवळचं हाड पक्कं जुळलं. डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली आहे. आता जानेवारीतल्यासारखं पडायचं नाही. त्या सायकलीला धक्के झेलणारा शॉक फक्त पुढे होता. दगडाच्या पायरीवरून उतरताना मागचं चाक उडालं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. म्हणून या वेळी पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली घ्यायची ठरवली आहे. रोहण्याच्या आपल्या टेकडीवर चढताना सायकल आपण न्यायची आणि उतरताना तिनं आपल्याला आणायचं, अशी दोन्ही कामांची हवी. फार मऊ घेतली तर चढावर प्रत्येक पायडलला डोलते. फार कडक घेतली तर उतारावर पुन्हा तेच. वर आपली काळी माती. चाक आणि फ्रेममध्ये फट नसेल तर पावसाळ्यानंतर चाक फिरतच नाही.

नागपूरला दातांच्या एका डॉक्टरांकडे अशी एक वापरलेली आहे. चंदनला घेऊन पाहून आलो. चंदनला तू ओळखतेसच, कॉलेजपासूनचा, तो कृषी केंद्रवाला. मी गल्लीत चालवली. सायकल लोण्यासारखी. चंदन मागून येत होता. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, मागच्या शॉकचा सांधा कुरकुरतो, घेऊ नको. ताई, मला कुरकुर काही ऐकू आली नाही. अजिबात नाही. मग त्याला कशी आली?

आता जे लिहितो ते डायरीत दोनदा लिहून खोडलं आहे. टेकडीवर आमचा एक नियम आहे: पुढच्याला धोका दिसला की त्यानं थांबून ओरडायचं. जानेवारीत चंदन पुढे होता. पायरी त्यानं पाहिली, वळसा घेतला आणि खाली उभा राहिला. ओरडला नाही. मी हे त्याला कधी बोललो नाही. तोही बोलला नाही. आता ही चांगली सायकल मला मिळू नये असं त्याला का वाटावं? शंका खरी असेल तर मित्र गेला. खोटी असेल तर मी कसला मित्र? टेकडीवर एकट्यानं जाता येत नाही, आणि ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या मागून तर मुळीच नाही.

तुझं मत कळव. उत्तर सावकाश आलं तरी चालेल, पण येऊ दे.

तुझा,
अश्वजित


रोहणा
१३ ऑक्टोबर २०२५

चि. अश्वजितास,
जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

पत्र पोचलं. रोशनीला सांग, तिच्या रुसव्यावर मी तिळाची चटणी पाठवते आहे, तुझ्या शंकांवर पाठवण्यासारखं घरात काही नाही. लहानपणी माय भाकरी वाढायची तवा तू आधी माझं ताट पाहायचास. त्रेचाळीस वर्षांचा झाला, पण सवय गेली नाई.

सायकलीतलं मले काही कळत नाही. पण मास्तरकी केली आहे, म्हणून विचारते: वर्गात दोन पोरं भांडली तर मी आधी दोघांना समोरासमोर उभं करायची. तू चंदनला काऊन विचारत नाहीस? घाबरतोस का?

पण तुझ्यापासून लपवत नाही, एक गोष्ट मलाही खटकली आहे. परवा सकाळी चंदन इथं आला होता. गाडी आपल्या बांधावर लावली आणि एकटाच टेकडीकडे गेला. खांद्यावर पहार होती. मी हाक मारली, तर हात हलवून पुढे गेला. उतरताना घामाघूम होता. चहाला ये म्हटलं, तर दुकान उघडं आहे म्हणे. सायकल नाही, नुसती पहार. टेकडीवर पहारीचं काय काम? मी गावात कोणाला बोलले नाही. तूही तर्क करत बसू नको, नीट तपास कर.

जेवण वेळेवर करत जा, आणि बहिणीला धाकटी समजू नको.

तुझी,
दीपमालाताई


पिपरी मेघे
२४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. चटणी संपली, यावरून ती कशी होती ते समज.

तर्क करू नको म्हणतेस आणि पहार लिहून पाठवतेस. तीन रात्री मला पहारच दिसते आहे.

त्यात भर पडली. सायकलीच्या मापाचं काही विचारायला दातांच्या डॉक्टरांना मेसेज केला, तर त्यांचं उत्तर आलं की तुमच्या मित्राचाही फोन येऊन गेला. माझ्या मागं चंदन त्यांच्याशी काय बोलला? सौदा मोडायचा आणि पुढे सायकल आपणच उचलायची, असं तर नाही? त्याला विचारायला दुकानात गेलो होतो, मी काही घाबरत नाही. पण त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा तोंडात धरून तो जे काही बोलला त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि एकदा काय, दोनदा काय विचारल्यावर तो चिडला. म्हणाला असावा की तुले सांगून फायदा नाही. मी परत आलो. अख्खं वर्धा हल्ली असंच तोंड भरून बोलतं. ऑफिसातही तेच. मी जवळ गेलो की लोक हळू बोलतात.

घरात तरी काय? चंदन परवा येऊन गेला, आणि तो आणि रोशनी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होते. मी दारात गेलो तर गप्प. रोशनी म्हणते आम्ही कुजबुजत नव्हतो, चांगलं मोठ्यानं बोलत होतो. ताई, मी तिच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मी तिथं दहा पावलांवर पेपर वाचत होतो.

सायकलीचा अभ्यास मात्र मी सोडलेला नाही. बसल्यावर मागचा शॉक किती दबतो ते पाहायचं असतं; पाव भागाच्या थोडा पुढे दबला तर ठीक. डॉक्टरांच्या घरी मी तो पाहिला आहे, ठीक आहे. सीट बटणावर खालीवर होते, उतारावर अंग मागे घ्यायला जागा मिळते. पुढच्या रविवारी ते सेवाग्रामला येणार आहेत, तेव्हा सायकल गाडीवर टाकून आणतो म्हणाले. त्या दिवशी हो किंवा नाही. मला हो म्हणायचं आहे. चंदनचं ऐकून नाही म्हटलं आणि तो खोटा निघाला तर मूर्ख मी. न ऐकता हो म्हटलं आणि टेकडीवर सांधा निसटला तरी मूर्ख मीच.

मी वाईट माणूस होत चाललो आहे का, हे मोकळेपणानं लिही. मी मनाला लावून घेईन, पण तू लिही.

तुझा,
अश्वजित


रोहणा
३० ऑक्टोबर २०२५

चि. अश्वजितास,
जयभीम, आशीर्वाद, आणि हे पत्र उभ्यानं वाचू नको, बसून वाच.

तू वाईट माणूस नाहीस. पण तुझं पत्र मी वही तपासावी तसं लाल पेन घेऊन वाचलं. चंदन खर्रा खातो म्हणून त्याचं बोलणं कळत नाही. बरं. ऑफिसातले खातात. बरं. रोशनी खर्रा खाते का? मी खाते का? माझा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो म्हणतोस, रेंज नाही म्हणतोस. आणि रोशनी त्याच घरातून, त्याच फोनवरून माझ्याशी तासभर बोलते. एक तुकडा पडत नाही.

ऑगस्टात आईच्या पुण्यानुमोदनाला तू आला होतास. भंतेजी तुझ्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी तुला दोनदा पाणी मागितलं. तू समोर पाहत राहिलास. तवा मला तुझा राग आला होता, एवढा कसला तोरा म्हणून. आज मला माझाच राग आला.

मग मी एक काम केलं. टेकडीच्या पायथ्याशी लीलाबाईचं वावर आहे. जानेवारीत ती तिथं तूर कापत होती, तू पडलास तवा पाणी घेऊन धावली ती तीच. तिला मी नुसतंच विचारलं की त्या दिवशीचं काय आठवतं. ती म्हणे, थो दुकानवाला पोट्टा एवढा बोंबलला का आमचे बैल बुजले, मी तर समजली वाघ आला, आन् तुमचा भाऊ बहिऱ्यावानी सरळ येऊनच राह्यला होता. तिचा शब्द जसाच्या तसा लिहिला आहे.

रविवारी सायकल येईल तवा तू चालव, आणि रोशनीला फाटकाशी उभी कर. काय ऐकायचं ते तिला सांगू नको. नंतर विचार.

चंदनला मी फोन केला होता. न सांगता राहवलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव, मोठी आहे, सोशीन.

तुझी,
ताई


वर्धा
४ नोव्हेंबर

अश्वजित,
जयभीम आन् रामराम.

शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलं नाई, तवा हस्ताक्षराले हसू नको. ताई म्हणे तुले लिहूनच सांग, तवाच समजंल. म्हणून बसलो.

मी ओरडलो होतो. गळा फाटेस्तोवर ओरडलो. तू थांबला नाई. मले वाटलं ऐकूनई आलास, मले दाखवाले का तुले वळसा लागत नाई. तू कॉलेजपासून तसाच, सांगतलं का उलटं करणार. दहा महिने मी हेच धरून बसलो होतो. दवाखान्यात तुह्या उशाशी बसून मनात शिव्या देत होतो तुले. बोललो नाई, कारण तुह्या गळ्यात पट्टा होता.

पहार घेऊन टेकडीवर गेलतो, कारण तू पुन्हा जाशीनच आन् पुन्हा ऐकणार नाईस. थो दगड उखडून टाकाव म्हटलं. हालला नाई. डॉक्टरले फोन केला होता, मागच्या सांध्याचे बेअरिंग बदलवून देता का म्हणून. हो म्हणाले. हेच तुले दुकानात सांगून राह्यलो होतो, तू काय काय करत निंगून गेला. रोशनीवहिनीले एवढंच म्हटलं का तुले सायकलीची घाई करू देऊ नका. सायकल चांगली आहे बे, तुह्या मापाची आहे, नुसते बेअरिंग गेले आहेत.

पण एक गोष्ट राह्यली. तू ताईले इचारलं, डॉक्टरले इचारलं, मनातल्या मनात सारं वर्धा इचारलं. मले नाई इचारलं. ते मले लागलं. टेकडीवर येतो का नाई ते मी आत्ताच सांगत नाई.

आपला जो आहे तो,
चंदन


पिपरी मेघे
२४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. या वेळी पत्र रेंजमुळे लिहीत नाही.

त्या रविवारी सायकल आली. रोशनीला फाटकाशी उभी केली, काही सांगितलं नाही. मी वळून येईपर्यंत ती हसत होती. म्हणाली, ही तर आपल्या जुन्या पलंगासारखी कुरकुरते. मी पुन्हा बसलो, वाकून उजवा कान शॉकपाशी नेला, रोशनीला सीट दाबायला लावली. तेव्हा ऐकू आलं. बारीक. तिला ते फाटकापासून येत होतं. दातांच्या डॉक्टरांनी बेअरिंग बदलून द्यायचं कबूल केलं, आणि मी हो म्हटलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. डावा बराच गेला आहे, उजवाही उतरणीला लागला आहे. म्हणाले, असं हळूहळू जातं तेव्हा माणसाला वाटतं की जगच हळू बोलायला लागलं. यंत्राचं माप दिलं आहे, ते पुढच्या महिन्यात येईल. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं लिहू का, आधी सुटल्यासारखं वाटलं. लोक कुजबुजत नव्हते. नंतर, रात्री नाही, दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर, एकदम वाटलं की आपण किती जणांकडे डोळे बारीक करून पाहत होतो.

चंदनकडे गेलो. त्याचं पत्र खिशात होतं, काढलं नाही. त्याला विचारलं, ओरडला होतास का? उत्तर माहीत होतं, तरी विचारलं, कारण ते विचारायचं राहिलं होतं. त्यानं मान डोलावली आणि गिऱ्हाइकाला खत मोजून द्यायला गेला. मी दुकानात बसून राहिलो. दुपारी त्यानं दोन चहा मागवले. बेअरिंग बदलून आल्यावर कळव, एवढंच म्हणाला. माझ्याकडे तोंड करून म्हणाला.

काल आम्ही टेकडीवर गेलो. तू आर्वीला होतीस म्हणून कळवलं नाही. कळवलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. चढावर मागचा शॉक कडक करून ठेवला, सायकल डोलली नाही. वर पोचल्यावर दम घेतला. उतरताना चंदन पुढे. नियम बदलला आहे: धोका आला की त्यानं खाली थांबून वळायचं, आणि तो मला दिसेपर्यंत मी ब्रेक धरून राहायचं.

पायरीच्या वर मी थांबलो. खाली तो उभा होता, सायकल बाजूला टाकून. माझ्याकडे पाहून त्यानं डावा हात लांब केला, म्हणजे माझ्या उजव्या बाजूनं ये. मग काहीतरी बोलला. ओठ हलताना दिसले, बराच वेळ हलत होते. वारा होता, एक शब्द आला नाही. पूर्वी मी तिथंच अडून विचारलं असतं की काय म्हणालास, नेमकं काय म्हणालास. या वेळी मी सीट खाली घेतली, चाक उजवीकडे केलं आणि ब्रेक सोडले.

तुझी माया आहे तशीच राहू दे, आणि यापुढे मला काही सांगायचं असेल तर उजव्या बाजूनं.

तुझा,
अश्वजित