आईचा टब

दादा,

आईचे पाय धुवायचा टब तू न विचारता चर्चमध्ये नेलास. का, तर उपदेश करताना, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, सगळ्यांसमोर बारा जणांचे पाय धुऊन दाखवायचे होते. इथे मी तिची जखम बादलीतच कशीबशी धुतली.

"लहानसहान कामांतूनच विश्वास वाढतो" हे वाक्य तू आठवडाभर दार लावून घोकत होतास, आणि बाहेर ती पाणी मागत होती. वास येतो म्हणून तिच्या पायाला तू आजवर बोटही लावलं नाहीस.

मी ड्यूटीवर जातेय. संध्याकाळी पाय तू धुवायचेस. पाणी कोमट घे, बोटांच्या फटी कोरड्या पूस. माईक लागणार नाही.

टब दिसला नाही तेव्हा आई म्हणाली, "पोराने घासायला नेला असेल." मी हो म्हटलं.

तेवढा तरी घासून आण.