जुन्या कोंबड्यांवर आळ

प्रिय धाकट्या,

पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन येतोयस हे कळलं आणि तरी मी गप्प राहिले. रागावू नकोस. फोनवर बोलले असते, पण बाबा दिवसभर इथेच असतात.

आपल्या जुन्या कोंबड्या गेल्या रे. ट्रेमध्ये रोज तडकलेली अंडी निघायला लागली होती. बेकरीवाल्यानं दोनदा माल परत पाठवला, वर टोमणा मारला तो वेगळाच. बाबा म्हणाले, कोंबडीचं वय झालं की अंडं मोठं होतं, पण कवचाला चुना तेवढाच, मग ते पातळ पडणारच. ते काही खोटं नाही, तुला-मला लहानपणी त्यांनीच शिकवलंय. शिंपल्यांचा चुरा वाढवून पाहिला, खाद्य बदललं, ढिम्म फरक नाही. शेवटी मीच हात धुऊन मागे लागले की कळप बदला. गाडी आली तेव्हा बाबा शेडमागे जाऊन उभे राहिले. त्या लंगडीला तरी राहू दे म्हणत होते, मी तेही ऐकलं नाही. मेली माझी घाई!

मग नव्या तलंगा आल्या, नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबड्या. अंडी लहान, कवच चांगलं टणक, आणि तरी तडे! मी चक्रावलेच. एका सकाळी दारातूनच बघत राहिले. बाबांचा हात इतका थरथरत होता की प्रत्येक अंडं ट्रेमध्ये ठेवताना शेजारच्यावर आपटत होतं. तडा गेला की ते अंडं पुसायचे आणि तडकलेली बाजू खाली करून ठेवायचे. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. बिचाऱ्या कोंबड्या जाऊ दिल्या, पण हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. आता अंडी मी गोळा करते. बाबा नुसते शेडमध्ये फेऱ्या मारतात, आणि मला ते बघवत नाही.

तुझा फोन येऊन गेल्यावर त्यांनी मला बजावलं, शेडमध्ये रोग आलाय असं कळव, बाळाला आणू नको म्हणावं. रोगबिग काही नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “माझ्या हातात अंडं टिकत नाही, आणि तो लेकराला घेऊन निघालाय.” म्हणून हे लिहितेय. तू ये. काही विचारू नकोस, त्यांना पलंगावर भिंतीला टेकून बसव आणि बाळ मांडीवर दे. नको नको म्हणतील, तरी दे. मी शेजारीच बसेन.

तुझीच,
ताई