पिल्लाच्या पायाची पट्टी

केळापूर,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उर्वशी हिस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. मारेगावला तुम्हीही सगळे खुशाल असाल. फोन असताना म्हातारा पत्र कशाला लिहीत बसला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू बोललीस की मला गप्प बसायला निमित्त मिळतं. म्हणून पत्र.

कापूस अर्धा वेचून झाला. मजूर मिळत नाहीत म्हणून तुझी आई स्वतः वेचायला जाते, कंबर धरून परत येते आणि मला ऐकवते. म्हणजे नेहमीचंच चालू आहे. खरं तर नेहमीचं नाही. दोन दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही.

सोमवारी तुझा फोन आला. शेजारच्या मुलीचा हात मोडलाय, उद्या तिला घेऊन येते म्हणालीस. मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही, तिला आजच सरकारी दवाखान्यात ने, हाताचा एक्स-रे काढ. उर्वशी, माझी तब्येत ठणठणीत आहे. पण यापुढं मी कोणाचंही हाड बसवणार नाही. त्याचं कारण सांगायचं तर एका कोंबडीच्या पिल्लापासून सांगावं लागेल. हसू नको.

गेल्या आठवड्यात तुझ्या आईनं अंगणात बाज सरकवली आणि बाजेचा खूर एका पिल्लाच्या पायावर पडला. पंधरा दिवसांचं पिल्लू ते, पाय मधोमध मोडलेला. ती रडवेली होऊन ते माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "तुमी तं माणसाईची हाडं बसवता. एवढुसं काय मंग तुमाले?" चाळीस वर्षं हाडं बसवणारा माणूस, कोंबडीसमोर कसा हार मानणार? चष्मा लावला, कापसाच्या पऱ्हाटीची काडी सोलून तिच्या दोन चिपा केल्या, कापूस लावला आणि दोऱ्यानं बांधून टाकलं. आईनं त्याला टोपलीत ठेवलं. तांदळाची कणी भिजवून बोटावर चारायची, पाणी पाजायची. शेतातून आली की आधी टोपली पाहायची, मग हातपाय धुवायची.

चौथ्या दिवशी पाहिलं तर पिल्लाची बोटं काळी पडलेली. मी पट्टी सोडली. दोरा कातडीत रुतला होता. फार आवळून बांधला होता मी. तेवढ्यात आई आली. पिल्लू चोचीनं त्या सुटलेल्या दोऱ्याशी खेळत होतं. ती त्याच्यावरच ओरडली, "काहून ओढली रे पट्टी? दोन दिवस दम निघाला नाही तुले?" आणि मी म्हणालो, "हो नं, त्यानंच ओढली."

लगेच म्हणालो. विचारसुद्धा करावा लागला नाही.

ती म्हणाली, "आपल्या उर्वशीसारखंच केलं यानं." आणि टोपली उचलून आत गेली.

आता तुझ्या हाताचं लिहितो. नऊ वर्षांची होतीस, चिंचेवरून पडलीस. अंगणात माणसं जमली होती. दोघं तर दुसऱ्या गावाहून स्वतःचं दुखणं घेऊन आलेले. हाड बसलं की अंगठ्याखाली कळतं, बाई. तुझं कोपर मी ओढलं, दाबलं, पुन्हा ओढलं. तू किंचाळलीस. अंगठ्याला काही कळलं नाही. तरी सगळ्यांसमोर म्हणालो, बसलं. आपल्या शेजारच्या फुलसिंगला माझा चेहरा दिसला असावा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "देवराव, माही जीप हाये, पोरीले पांढरकवड्याले नेऊ." मी त्याला म्हटलं, "मीच माही पोरगी डाक्टरकडं नेली, तं उद्या माह्याकडं कोन येईन?"

आठव्या दिवशी तू बांबूच्या कामट्यांची पट्टी सैल केलीस. दुखत होतं म्हणून केलीस, खाजत होतं म्हणून केलीस. पट्ट्या सुटल्यावर हात वाकडा दिसला, तेव्हा मी सांगितलं की पोरीनं पट्टी सोडली, त्यानं हाड हललं. आईनं तुला मारलं. मी ओट्यावर बसून पाहत होतो.

पट्टीनं काही झालं नव्हतं. हाड पहिल्या दिवसापासूनच चुकीच्या जागी होतं, आणि मला ते माहीत होतं.

पोलीस भरतीला यवतमाळला गेलो होतो ते आठवतं? धावण्यात पुढं होतीस. गोळाफेकीत हात सरळच होईना. परत येताना बसमध्ये म्हणालीस, "माहंच चुकलं बाबा, मी लहानपनी पट्टी सोडली नसती तं." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जाऊ दे. आणि स्टँडवर उतरून तुला उसाचा रस पाजला. तो रस आठवला की मला माझीच शरम वाटते. तू मात्र अजून मारेगावहून माणसं माझ्याकडे पाठवतेस, आणि त्यांनी हाताकडे पाहिलं की सांगतेस, बाबांचा दोष नाही, मीच ऐकलं नाही.

परवा तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं हातातली कणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मले काय सांगता? मारलं मी, सोसलं तिनं. तिले सांगा." तेव्हापासून जेवायला वाढते, पण बोलत नाही. पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. जीव वाचला, पाय गेला. एका पायावर टुणटुण करत तिच्या मागं फिरतं. मला ती हात लावू देत नाही.

मला माफ कर असं लिहिणार होतो, पण सव्वीस वर्षं तुझ्यावर ढकललेलं एका कागदावर परत घेता येत नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आईला मात्र फोन कर. तिनं तुला मारलं ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

आणि एक कर. यापुढं कुणी हाताबद्दल विचारलं, तर माझी बाजू घेऊ नको. सांग, माझ्या बापानं हाड चुकीचं बसवलं, त्याला ते माहीत होतं, आणि त्यानं नाव माझं घेतलं.

तुझा बाप,
देवराव