नवा निळा, खरा शेवटचा निळा

सोमवार, ४ मार्च
बटणाचा निळा जरा गडद करायचा. एवढंच काम! दवाखान्याची वेबसाईट — पेशंट तिच्यावरून डॉक्टरांची वेळ घेतात. वेबसाईटच्या दिसण्याची फाईल, सीएसएस, उघडली. रंग, अक्षरं, मांडणी, सगळं एकाच फाईलीत कोंबलेलं. नऊ हजार ओळी! निळा एकशे चाळीस ठिकाणी. नावं तरी काय — 'निळा२', 'नवा-निळा', 'खरा-शेवटचा-निळा'. एक बदलला तर दुसऱ्या पानावरचं बटणही बदललं.

साहेब म्हणाले, "पुढे इम्पॉर्टंट लाव आणि मोकळी हो." हा शब्द लावला की ती ओळ बाकीच्या ओळींना दाबते; आधीच सहाशे ओळींना लावलाय. सगळेच महत्त्वाचे, मग ऐकायचं कुणाचं? लावला. स्वतःचीच लाज वाटली.

बुधवार, ६
दवाखान्यातून फोन. 'वेळ रद्द करा' हे बटण मोबाईलवर दिसतच नाही. एक आजोबा दुखरे गुडघे घेऊन, दोन बस बदलून दवाखान्यात आले — "मी येणार नाही" एवढं सांगायला! माझ्या इम्पॉर्टंटचा प्रताप.

"अजून एक लाव," साहेब.

"नाही लावणार!"

अख्ख्या ऑफिसच्या माना वर. मीही दचकले.

गुरुवार, ७
वेगळी प्रत काढली आणि सुरुवात केली. न विचारता! सगळे रंग एका जागी. बटणांची फाईल वेगळी, फॉर्मची वेगळी. नावं रंगावरून नाही, कामावरून — 'मुख्य-बटण', 'रद्द-बटण'. उद्या निळ्याचा हिरवा झाला तरी नाव खोटं पडणार नाही.

शेजारी चष्मिस बसतो, पानं तपासायचं काम त्याचं. म्हणाला, "नोकरी जाणार तुझी." मग खुर्ची सरकवून — "एकेक पान दे इकडे."

शनिवार, १६
आईला दोन्ही दाखवलं, जुनं आणि नवं.

"अगं, दिसायला तर सारखंच आहे! मग इतके दिवस केलंस काय?"

आई, तेच तर!

फक्त रद्दचं बटण आता दिसतं.

मंगळवार, १९
साहेबांना दाखवलं. नऊ हजारांच्या अडीच हजार ओळी. इम्पॉर्टंट एकही नाही.

नीट बघितलंही नाही. चेहरा लाल. "फेकून दे हे. जुनीतच डागडुजी कर."

"जुनीला मी हात लावणार नाही."

"मग दुसरी नोकरी बघ."

"हाकलायचं तर हाकला. आपणहून जाणार नाही."

जागेवर येऊन बसले.

बुधवार, २०
ऑफिसला गेले. वेळेच्या आधीच गेले! कुणी हाकललं नाही.

गुरुवार, २१
दवाखान्याला सगळीकडे अक्षरं मोठी हवीत, म्हाताऱ्या पेशंटसाठी. मला काम दिलं नाही. साहेब स्वतः बसले, जुनी फाईल घेऊन, केबिनचं दार लावून. काचेतून दिसत होतं — एक पान सुधारलं की दोन बिघडत होती. डोकं धरून बसले होते. मी उठले नाही. का उठू?

शुक्रवार, २२
साहेब आले, खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. हळूच म्हणाले, "ती जुनी फाईल नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिली. एकट्याने. तेव्हा ओळ न् ओळ पाठ होती."

मी खुर्ची जरा बाजूला सरकवली.

"तुझी उघड," म्हणाले. "शिकव मला."