तुझ्या लाल चाकांचा प्रताप

ती. दादा,

नमस्कार. रागाने केलेला असला तरी नमस्कार आहे, घे. स्वानहिल्दुरवहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना उगाच जिने चढायला लावू नकोस. तुझा खोकला गेला असेलच. गेला नसेल तर तो तुझ्या रंगांच्या वासाने आहे आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटणार नाही. इकडे मी बरी आहे. मेंढ्या बऱ्या आहेत. कुत्रा लंगडतो, पण तो लबाडीने. बाबांचा ट्रक मात्र बरा नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू दर वाक्याला ‘अगं ऐक तर’ म्हणतोस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

उन्हाळ्यात तू सुट्टीला आलास तेव्हा ट्रकच्या डाव्या मागच्या चाकाचा एक स्टड तुटलेला होता. (वहिनी पत्र मोठ्याने वाचतील म्हणून सांगते: ज्या दांड्यांवर चाक अडकवून नट आवळतात ते स्टड.) मी तुला बजावून सांगितलं होतं, दादा, सहाच्या सहा बदल. एक तुटला की त्याचा भार बाकीच्या पाचांनी उचललेला असतो, ते आतून दमलेले असतात. तू एकच बदललास. का, तर ‘बाकीचे पाच दिसायला चांगले आहेत.’ दिसायला शेजारचा ह्राफ्नकेलसुद्धा चांगला आहे! मग मी गवत कापायला गेले आणि तुला मैदान मोकळं झालं. तू जन्मभर बंदरात जहाजं रंगवलीस. उघडं लोखंड दिसलं की तुला चर्चमध्ये कुणी उघडाबंब शिरल्यासारखं वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण चाक आणि हब, म्हणजे त्याच्यामागची लोखंडी तबकडी, जिथे एकमेकांना टेकतात तिथलं लोखंड उघडंच असावं लागतं रे बाबा! तिथे रंग फासला की तो दाबाखाली चिरडला जातो, झिजतो, नट ढिले पडतात, चाक आतल्या आत वळवळायला लागतं, आणि स्टड हाताने वाकवून वाकवून तोडलेल्या तारेसारखे तुटतात. तू तिथे दोन हात दिलेस. जहाजाच्या रंगाचे. लाल.

तेवढ्यावर थांबला असतास तर तो तू कसला? पान्याला तो लांबलचक पाइप लावून तू त्यावर अंग टाकून लोंबकळलास, आणि मी चहाला बोलवायला आले तेव्हा वरूनच ओरडलास, “आता हे चाक कयामतीपर्यंत हलत नाही!” अरे, असं आवळलं की स्टड ताणले जातात, आणि ताणलेला स्टड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यावर कळस म्हणजे नटांवर त्या चकचकीत टोप्या, त्याही बोटींच्या भेगा बुजवायच्या गोंदाने चिकटवलेल्या. त्या काढायचा दोन दातांचा आकडा तुझ्या कोटाच्या खिशातून रेक्याविकला गेला. मी फोनवर विचारलं तर म्हणे, आता नट बघायची गरजच काय.

आता गरज सांगते. मेंढ्या डोंगरावरून उतरवायला आम्ही निघालो. पुढे घोडेस्वार, मागे माझा ट्रक, त्यात तंबू, कांबळी, सगळ्यांचे कोरडे कपडे आणि मटणाच्या सूपचं थोरलं पातेलं. पहिल्या नदीवर बाबा काय करायचे ते तुला सांगायला नको. इंजिन बंद, सगळ्यांना कॉफी, आणि बाबा पाना घेऊन चारही चाकांभोवती एक फेरी मारणार. चाक काढून पुन्हा बसवलं की पहिल्या पल्ल्यात नट जरासे सैलावतातच, म्हणून ते तिथे पुन्हा आवळायचे. सगळ्या खोऱ्याला ती सवय आहे. खुद्द सिग्वातुर घोड्यावरून उतरतो. (सिग्वातुर आमचा डोंगरराजा. वर डोंगरात त्याचा शब्द शेवटचा. खाली घरी त्याला कोण विचारतो?) तर मी पाना घेऊन गेले आणि तुझ्या टोप्या माझ्याकडे बघून चमकल्या. सुरीने उचकटायला गेले, सुरीचं टोक तुटलं.

“काय गं थोर्दिस, चाकांना दागिने घातलेस?” सिग्वातुर म्हणाला.

“लग्न ठरलंय वाटतं ट्रकचं,” ह्राफ्नकेल म्हणाला. त्याने गेल्या वर्षी नवीकोरी पिकअप घेतली आहे आणि तेव्हापासून तो माझ्या ट्रककडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघतो.

सगळे हसले. मीही हसले, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता तरी. कॉफी गार झाली होती, ती तशीच प्याले आणि निघाले. स्वार पुढे गेले होते, ते उपाशी पोहोचून कसं चाललं असतं?

मुक्कामाची झोपडी दिसायला लागली आणि मागून ठकठक सुरू झाली. मी वेग कमी केला, तेवढ्यात एक लाल चाक माझ्या डाव्या बाजूने मला ओलांडून पुढे गेलं. दादा, खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, कुणाचं बरं हे, छान रंगवलंय! मग ट्रक डावीकडे बसला. सहाही स्टड मुळापासून तुटले होते. चाक उतारावरून थेट कळपात घुसलं. दिवसभर गोळा केलेल्या मेंढ्या अशा उधळल्या की त्यांना पुन्हा गोळा करता करता माणसांचे घसे बसले. चाक नदीत गेलं. आणि सूप? सूप कांबळ्यांवर गेलं, आणि सिग्वातुरच्या कोरड्या मोज्यांच्या पिशवीत गेलं. त्या रात्री सगळ्यांनी सुकी मासळी लोणी लावून चावली. सिग्वातुरकडे दुसरे मोजे नव्हते. त्याने तेच घातले, आणि झोपडीतली सगळी कुत्री त्याच्या पायाशी झोपली. माझा लंगडासुद्धा. त्याचे पाय चाटताना तो अजिबात लंगडत नव्हता.

त्याचं हसू आलं असतं, पण सिग्वातुरने सगळ्यांदेखत जाहीर केलं. राहिलेल्या मेंढ्या शोधायला पुढच्या शनिवारी जायचं आहे, त्या वेळी जेवण ह्राफ्नकेलच्या पिकअपमधून जाईल. आणि एकदा गेलं की दर वर्षी तिथूनच. मी म्हणाले, माझा ट्रक शनिवारी चार धड चाकांवर दाराशी उभा असला तर? तो म्हणाला, “मी स्वतः एकेक नट पान्याने बघेन. चारही चाकांचा. मग बोलू.” बाबांनी आयुष्यभर ते जेवण वर नेलं, त्यांच्यानंतर मी. एकदाही कुणी उपाशी झोपलं नव्हतं. मी भांडी घासायला बाहेर गेले. भांडी स्वच्छच होती.

ट्रक ओढून घरी आणला आणि लगेच कामाला लागले. चाक नदीतून काढलं. डाव्या मागच्या हबमधले मोडके तुकडे ठोकून काढले, सहाही स्टड नवे बसवले. तुझा रंग पत्र्याने खरवडला, पार लखलखीत लोखंड लागेपर्यंत, आणि प्रत्येक ओरखड्याला तुझं नाव घेतलं. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवले, तेलाचा थेंब नाही, कारण तेल लावलं की हाताला न कळता जास्त आवळलं जातं. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, माप दाखवणाऱ्या पान्याने. तुझा पाइप कोंबड्यांना बसायला दिला आहे. मग चर्चपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा पाना लावला. नट थोडेसे हलले. बाबांना हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तुलाही होतं! चकाकीपुढे तुला काही दिसेनासं होतं.

यापुढे माझ्या ट्रकला बोट लावायचं नाही. जवळून जायचं असलं तर हात खिशात ठेवून जायचं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण,
थोर्दिस

ता. क. खिशावरून आठवलं. बाकीची तीन चाकंही तूच रंगवलीस आणि त्यांच्या टोप्या अजून तशाच आहेत. छिन्नी लावून पाहिली. टोपीला ओरखडा नाही, माझा अंगठा मात्र सुजला आहे. तो दोन दातांचा आकडा लागेल. टपालाने पाठवू नकोस, शनिवारच्या आत पोहोचणार नाही. गुरुवारची बस धर आणि स्वतः घेऊन ये. तीन चाकांचा रंग खरवडायचा आहे, आणि माझा एक अंगठा कामातून गेला आहे, तो तुझ्यामुळेच.

ता. क. दुसरा. नदीच्या दगडांवर आपटूनही तुझ्या रंगाचा बाहेरून टवकासुद्धा उडाला नव्हता. सिग्वातुर काल मला बाजूला घेऊन हळूच विचारत होता, हा लाल नेमका कुठला, त्याला घोड्यांची गाडी रंगवायची आहे. मी सांगितलं, माहीत नाही. तुलाही माहीत नाही. निदान शनिवारी नट बघून होईपर्यंत नाही.

ता. क. तिसरा. बाबांचा थर्मास तू नेला आहेस, तो आण. तेव्हा बाबा चाकांभोवती फिरायचे, मी पाना धरायचे आणि कॉफी तू ओतायचास. या खेपेला मी एकटीच होते, म्हणून ती गार झाली. शनिवारी पहिल्या नदीवर थांबेन तेव्हा कॉफी ओतायला कुणीतरी हवं. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. ब्रश घरी ठेवून ये.