आत मौल्यवान काही आहे का

ती. स्व. मावशीस,

वाकून नमस्कार. (वाकायला मला अजून त्रास होत नाही. तुझ्या गुडघ्यांचं काय ते मात्र खरं कळव. मागच्या पत्रात नुसतं ‘बरे आहेत’ लिहिलं होतंस, आणि ‘बरं आहे’ हे तू दाढ काढायच्या आदल्या दिवशीही म्हणत होतीस.) काकांच्या खोकल्याला उतार पडला असेल. इकडे आई ठीक, दादाचं दुकान ठीक, आणि मी त्या दुकानात बसून खिळे तोलतो, म्हणजे मीही ठीकच म्हणायचा. दादा गिऱ्हाइकांना सांगतो, ‘हा आमचा धाकटा, कॉलेजला होता.’ त्यातल्या ‘होता’वर तो जरा जास्तच जोर देतो. परवा त्यावरून मी तराजू आपटला. तेव्हापासून तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकतो. दादा सोडून सगळे खूश आहेत.

तर तुझं पत्र पोचलं. तू आणि काका पुढच्या महिन्यात त्या शहरात चार दिवस जाणार, आणि मी तिथे कॉलेजसाठी राहिलेला म्हणून काय काय बघावं ते मी कळवावं, असं तू लिहिलंस. या घरात आजवर मला कुणी कशाबद्दल सल्ला विचारलेला नाही, तेव्हा सविस्तर लिहितो. (त्या शहरात माझी एक पिशवी राहिली आहे. तिच्याबद्दलही ओघाने येईल.)

पहिलं म्हणजे नकाशा घेऊन हिंडू नका. तिथे रस्ता विचारावा, आणि तो एकाला विचारू नये, एका वेळी दोघांना विचारावा. एक म्हणतो डावीकडे. दुसरा म्हणतो, अहो, ती गल्ली बंद होऊन जमाना झाला. पहिला म्हणतो, बंद कशी, माझी आत्या राहते तिथे. मग आत्या निघते, आत्याच्या शेजारी पाडलेला दवाखाना निघतो, दवाखान्याच्या आधी तिथे घोड्यांचे तबेले होते ते निघतात, आणि घोडे कुणाचे यावरून दोघं एकमेकांच्या आजोबांपर्यंत जातात. आपण नुसतं उभं राहायचं. इतिहासाच्या तासाला जे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही, ते असल्या भांडणांत आपोआप शिरलं. (शेवटी दोघंही चुकीचाच रस्ता सांगतात, त्याला इलाज नाही.) आम्ही हे मुद्दाम करायचो. आम्ही म्हणजे कोण, तेही येईल.

दुसरं, जुन्या तटावरून चालायचं, तेही ऊन उतरल्यावर. पुस्तकांत लिहिलेलं असतं की तटावरून बाहेर बघावं, कारण शत्रू तिकडून आला. आम्ही आत बघायचो. आतल्या अंगाला लोकांच्या गच्च्या अगदी हाताला लागतात. दोरीवर वाळणारे शर्ट, गच्चीवर अभ्यासाला बसून झोपलेली पोरं, आणि एक रिटायर्ड गृहस्थ, जे रोज त्याच वेळी बनियनवर वर येऊन पाण्याच्या टाकीत डोकावायचे आणि टाकीला शिव्या द्यायचे. त्यांचं नाव आम्ही किल्लेदार ठेवलं होतं. एकदा ते आले नाहीत तर आम्हाला तट उतरवेना. अंधार पडता पडता आले, टाकीला नेहमीच्या शिव्या दिल्या, आणि मगच आम्ही घरी गेलो. किल्लेदार अजून असतील तर माझ्या वतीने लांबून हात करा. त्यांना कळणार नाही, पण करा.

घड्याळाचा मनोरा चढू नका, गुडघे लक्षात घे. खालच्या चौकात बसून चहा प्या. ते घड्याळ कित्येक वर्षांपासून मागे चालतं, पण सगळा चौक त्याच्यावरच चालतो, त्यामुळे तिथे उशीर झाला म्हणून कुणी कुणावर चिडत नाही. मी एकदा चिडलो होतो. तर ती म्हणाली, ‘वर बघ. मी वेळेवर आलेय, तूच लवकर आलायस.’

आता ‘ती’ आलीच आहे, तर म्युझियमकडे वळू. (सोमवारी बंद असतं. सोमवार तटाला द्या.) आत तलवारी आहेत, नाणी आहेत, कुणा राणीच्या फण्या आहेत. पण आत जायच्या आधी फाटकाच्या डाव्या हाताला सामानघराची खिडकी लागते. पिशव्या तिथे ठेवाव्या लागतात. खिडकीतली मुलगी पिशवी घेते, खुंटीला अडकवते, पितळी बिल्ला देते, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाला विचारते, ‘आत मौल्यवान काही आहे का?’ सगळे नाही म्हणतात. मीही पहिल्या दिवशी नाहीच म्हणालो. पण मावशी, तिची विचारायची तऱ्हा अशी, की हो म्हणालो असतो तर तिला माझ्यासाठी बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. मग रोजच. विद्यार्थ्यांना आत फुकट सोडतात. शेवटी तलवारींच्या दालनातला पहारेकरी चहाला जाताना मला ‘जरा बघ रे’ सांगून जायला लागला.

पुढे आमचे प्राध्यापक वर्गाची सहल घेऊन तिथेच आले. स्वतःची बॅग द्यायला तयार होईनात. म्हणाले, बाई, मी कोण आहे ठाऊक आहे का. ती म्हणाली, नियम सगळ्यांना आहे. यावर ते तिला काहीतरी बोलले. काय ते मी ऐकलंच नाही, कारण तोवर मी त्यांची बॅग हिसकून खिडकीतून आत टाकली होती. आतल्या डब्यातली पोळी-भाजी सगळीकडे झाली. कॉलेजात माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही, आणि कॉलेज सुटलं. (घरी मी सांगितलं होतं की शिकवणं पटलं नाही. तेही खोटं नव्हतं.)

आता पुस्तकं उरली नाहीत, आणि रिकामी पिशवी ठेवायला कुठला शहाणा येतो? तेव्हा वाटेत तटाची डागडुजी चालली होती, तिथली एक वीट मी पिशवीत टाकली. खिडकीशी पोचलो आणि पिशवीचा पट्टा तुटला. वीट फळीवर आपटली, आणि माझाच चहावाला पहारेकरी माझं मनगट धरून ओरडला की तटाची वीट चोरली. मोठ्या साहेबांकडे नेलं. साहेबांनी भिंग काढलं, वीट उलटी केली, तर खाली भट्टीचा छाप, तोही गेल्या वर्षीचा. माझ्यापेक्षा साहेबच जास्त खट्टू झाले. खिडकीत ती इतकी हसत होती की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग दाभण आणि जाड लाल दोरा घेऊन तिने पट्टा शिवून दिला आणि म्हणाली, ‘उद्यापासून वीट आणू नकोस. नुसता ये.’

त्यानंतरचं सगळं वर लिहिलं आहेच. ती भांडणं, तो तट, किल्लेदार, चौकातला चहा. त्या शहराची तीन-चारशे वर्षं जुनी कीर्ती आहे म्हणतात. असेल. मला विचारशील तर ते शहर खिडकी बंद झाल्यावर सुरू व्हायचं.

मग एका संध्याकाळी तटावर तिने परीक्षेचं काढलं. म्हणाली, बाहेरून बस, पण बस. मी म्हणालो, तुझ्यासाठी तर सोडलं सगळं. ती म्हणाली, ‘माझ्यासाठी? तेव्हा मला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं. तू बॅग फेकून मोकळा झालास, साहेबांपुढे उभी मी राहिले.’ मावशी, माणसाने इतकं खरं एकदम बोलू नये. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी न बोलता पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिने बिल्ला दिला, आणि नियमाप्रमाणे विचारलंच. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, ‘नाही. काहीही नाही.’ आणि आत न जाता तडक स्टेशन गाठलं. रागाने निघालेला माणूस मागे वळून बघत नाही, म्हणून पिशवी तिथेच राहिली. गाडीत तिकीट तपासनीस आला तेव्हा मी त्याच्या हातात तो बिल्ला दिला. त्याने उलटसुलट करून बघितला आणि परत देत म्हणाला, हा वर्ग आमच्याकडे नाही.

असो. पावसाळी चपला नेऊ नका, फरशा घसरतात. काकांना नमस्कार.

तुझा,
खिळेवाला

ता. क. : प्रत्येक पत्रात तू स्वतः विणलेल्या हिरव्या स्वेटरचं विचारतेस आणि मी प्रत्येक वेळी ‘धुवायला टाकलाय’ म्हणतो. तो त्या पिशवीत आहे. सोबत बिल्ला पाठवतो आहे, पिशवी सोडवून आण. तू माझी मावशी आहेस हे सांगू नकोस. (आपलं नाक एकच आहे, तिला कळेलच.)

ता. क. २ : पिशवी आणू नकोस. तिथला नियम असा, की कुणी न नेलेलं सामान महिनाअखेर गोदामात टाकतात. मला येऊन दीड वर्ष झालं. तेव्हा नुसतं बघ. खिडकीच्या मागे, सगळ्यात वरच्या खुंटीवर, पट्ट्याला लाल दोरा. असली, तर दर महिन्याला ती कुणीतरी वाचवतंय. नसली, तर मला पत्रात फक्त मनोऱ्याबद्दल लिही. मी समजेन.

ता. क. ३ : पाकिटाचा कोपरा फाटलेला दिसेल. चिकटवून पुन्हा उघडलं आणि बिल्ला काढून घेतला. तुझे गुडघे, काकांचा खोकला, सामान उचलायला कुणीतरी हवंच. दादाकडे चार दिवसांची सुट्टी मागितली. कशाला म्हणाला, तर म्हणालो, बाहेरून परीक्षेला बसता येतं का, त्याची चौकशी करायची आहे. त्याने आधी तराजू उचलून आतल्या खोलीत ठेवला, आणि मग हो म्हणाला. तेव्हा तिसरं तिकीट काढ. खिडकीशी तुम्ही दोघं पुढे व्हा आणि ‘नाही’ म्हणून मोकळे व्हा. मी मागे रांगेत असेन. मला माझं उत्तर बदलायचं आहे.